हातातलं नेब्युलायझर मशीन: बॅटरी आणि जाळी जपायची कशी

आमच्या आण्णांना दमा जुना आहे. तरुणपणी गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड घालायचं काम केलं, त्या धुराचं देणं अजून फेडतायत. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत पूर आला तेव्हा आम्ही गावभागात राहत होतो, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, आणि लाईट गेली ती गेलीच. घरात नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून श्वासातनं देणारं, कॉम्प्रेसरचं मोठं मशीन होतं पण ते लाईटवर चालणारं, इन्व्हर्टरनं एक रात्र काढली आणि दुसऱ्या रात्री तोही बसला. वरच्या मजल्यावर अंधारात आण्णा खिडकीला टेकून श्वास ओढत होते आणि खाली जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी लागलेलं. इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला लावायची पोकळ नळी) जवळ होता म्हणून ती रात्र निभावली, सकाळी बोट आली आणि आम्ही मिरजेला मावशीकडं गेलो.

पाणी उतरल्यावर पहिली खरेदी केली ती बॅटरीवर चालणाऱ्या, हातात मावणाऱ्या मेश, म्हणजे जाळीवाल्या, नेब्युलायझरची. तेव्हापासून हे मशीन आमच्या घरात रोज चालतंय, आता धाकट्या लेकीलाही डॉक्टरांनी सांगितलंय, आणि ओळखीतलं कुणी नवीन मशीन घेतलं की पहिला फोन मला येतो. प्रश्न ठरलेला असतो, "दादा, बॅटरी टिकत नाही ओ." म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं.

एक गोष्ट आधीच सांगतो. औषध कुठलं, किती, दिवसातनं किती वेळा, हे सगळं तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, त्यातलं मी काही सांगणार नाही. मी मशीनचं सांगतोय.

आधी हे मशीन कसं चालतं ते समजून घ्या

आपल्याकडं याला सगळे "वाफेचं मशीन" म्हणतात पण यात वाफ नसते. पाणी तापत नाही. औषधाच्या कपाच्या तळाला नाहीतर बाजूला एक चकती असते, नखाएवढी, तिला हजारो बारीक भोकं असतात, डोळ्याला दिसतच नाहीत इतकी बारीक. ही जाळी सेकंदाला लाखभर वेळा थरथरते आणि औषध त्या भोकांतनं बारीक थेंब होऊन बाहेर पडतं, थंड धुक्यासारखं. थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असले की खाली फुप्फुसापर्यंत पोचतात, त्याहून मोठे घशातच अडकतात.

हे सांगायचं कारण असं की बॅटरीचं आणि या जाळीचं नातं लई घट्ट आहे, आणि ते नवीन माणसाला कुणी सांगत नाही. जाळी स्वच्छ असेल तर एक डोस समजा १० मिनिटांत संपतो. जाळी औषधाच्या साक्यानं अर्धी बुजली की तोच डोस २५ मिनिटं घेतो, आणि तेवढा वेळ बॅटरी जळतच राहते. म्हणजे बॅटरी आहे तशीच आहे, फक्त तिच्याकडनं अडीचपट काम करून घेतलं जातंय. आमचं मशीन सहा महिन्यांत "गेलं" होतं. मी बदलून घ्यायला दुकानात घेऊन गेलो तर तिथल्या काकांनी काही न बोलता कप काढला, जाळी उजेडासमोर धरली, मला दाखवली, चकतीवर पांढरा थर बसलेला. त्यांनी ती धुतली आणि मशीन पहिल्यासारखं चालायला लागलं. बॅटरीला काहीही झालेलं नव्हतं.

आणलं त्या दिवशी काय करायचं

खोकं उघडल्यावर लगेच पेशंटला लावू नका. आधी पुस्तिका वाचा, मराठीत नसली तर घरातल्या पोरांकडनं वाचून घ्या, त्यात तीन गोष्टी शोधा: कप उकळलेला चालतो का, चार्जिंगला लावून मशीन चालवलेलं चालतं का, आणि मशीन आपोआप किती मिनिटांनी बंद होतं. ही तिसरी गोष्ट महत्त्वाची, कारण बरीच मशीनं १० नाहीतर २० मिनिटांनी स्वतःहून थांबतात आणि लोकांना वाटतं बॅटरी उतरली.

मग मशीन फुल चार्ज करा. दुकानात महिनोन् महिने पडून बॅटरी अर्धी उतरलेली असते.

नंतर कप, झाकण, मास्क, तोंडात धरायची नळी हे साध्या भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात हलवून धुवा, जाळीवर बोट लावू नका, वाळू द्या.

आणि आता खरं काम, जे मी प्रत्येकाला करायला लावतो. मेडिकलमधनं नॉर्मल सलाईनची, म्हणजे मिठाच्या निर्जंतुक पाण्याची, छोटी अँप्युल (बंद कुपी) आणा, ०.९ टक्केवाली. सिरिंजनं मोजून २ मिली कपात घाला, मशीन चालू करा आणि मोबाईलवर घड्याळ लावा. कप रिकामा व्हायला किती मिनिटं लागली ते चिकटपट्टीवर लिहा, खाली तारीख टाका आणि पट्टी मशीनच्या मागं चिकटवा. आमच्या मशीनवर लिहिलंय "२ मिली, ७ मिनिटं". तुमचं ५ येईल, ८ येईल, मशीनवर आहे. पण हा आकडा असेल तरच पुढं कधी मशीन बिघडलंय असं वाटलं तर अंदाजावर बोलायची वेळ येत नाही.

रोजची सफाई, डोस झाल्या झाल्या

हे डोस संपल्यावर लगेच करायचं, "सकाळी धुतो" म्हणून ठेवलं की औषध जाळीत वाळतं आणि मग ते निघता निघत नाही. विशेषतः ब्युडेसोनाईडसारखं दुधाळ दिसणारं औषध, ते पाण्यात पूर्ण विरघळलेलं नसतं, बारीक कण तरंगत असतात, त्यानं जाळी लवकर बुजते. काही मशीनला असली औषधं चालत नाहीत, म्हणून घेतानाच विचारा.

कपात उरलेलं औषध ओतून टाका. मग कपात स्वच्छ पाणी घालून मशीन एक-दोन मिनिटं चालवा, धुकं हवेत सोडा, कुणी ओढायचं नाही. मग कप काढून पुन्हा एकदा पाण्यानं खळबळा, झटका, आणि स्वच्छ कापडावर उपडा न ठेवता आडवा ठेवून हवेवर वाळू द्या. टॉवेलनं आतनं पुसू नका, त्याचे धागे जाळीला लागतात.

पाणी कुठलं? यावर जरा थांबतो कारण आपल्या भागात सगळा घोळ पाण्याचा आहे. बोअरचं पाणी आमच्याकडं इतकं जड की हंड्याला आतनं पांढरी खपली धरते, गिझरची कॉइल दोन वर्षांत जाते. तेच पाणी रोज जाळीतनं काढलं तर तीच खपली तिच्या भोकांत बसणार. नळाचं पाणी मास्क आणि झाकण धुवायला चालेल. पण जाळीतनं चालवायला शेवटचं पाणी मेडिकलमध्ये इंजेक्शनसाठी मिळतं त्या निर्जंतुक पाण्याची अँप्युल वापरा, नाहीतर डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला कॅनमध्ये मिळतं ते वापरू नका, ते माणसाच्या श्वासात जाणाऱ्या वस्तूसाठी बनवलेलं नाही. आणि सलाईननं धुवून तसंच ठेवू नका, सलाईन वाळलं की मीठ उरतं.

कानात घालायची काडी, टाचणी, टूथब्रश, काहीही जाळीवर फिरवायचं नाही. एका नातेवाइकांनी सुईनं भोकं "मोकळी" केली, त्यानंतर धुक्याऐवजी पिचकारी उडायला लागली आणि नवा कप घ्यावा लागला.

शेवटचं म्हणजे, कप जिथं मशीनला बसतो तिथं दोन-तीन पितळी नाहीतर सोनेरी ठिपके असतात, ते कॉन्टॅक्ट. त्यांच्यावर ओल राहिली की मशीन चालू होत नाही नाहीतर मधेच बंद पडतं. कोरड्या मऊ कापडानं पुसायचे. मशीनची बॉडी कधीच नळाखाली धरायची नाही, ओल्या कापडानं पुसली तरी पुरे.

आठवड्याची सफाई

रोज वापर असेल तर आठवड्यातनं एकदा, पुस्तिकेत मनाई नसेल तर, पांढरा व्हिनेगर एक भाग आणि डिस्टिल्ड पाणी तीन भाग असं कपात घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग दोन मिनिटं खिडकीत धरून चालवा आणि नंतर स्वच्छ पाण्यानं दोन वेळा चालवा, वास पूर्ण जाईपर्यंत. लिंबू पिळू नका, गर अडकतो. उकळायचं फक्त कंपनीनं सांगितलं असेल तरच, मास्क तर उकळूच नका, आमचा एक आंबोळीसारखा झाला.

एवढं करूनही जाळी कायमची नसते. बऱ्याच कंपन्या रोजच्या वापरात सहा महिने ते वर्ष सांगतात आणि कप वेगळा विकत मिळतो. मशीन घेतानाच विचारा, कप सुटा मिळतो का आणि केवढ्याला. मिळत नसेल तर ते मशीन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका हे माझं स्पष्ट मत आहे, कारण जाळी गेली की अख्खं मशीन कचऱ्यात.

आता बॅटरी

दोन प्रकार असतात. एकात आतच लिथियम सेल बसवलेला, मोबाईलसारखा चार्ज करायचा. दुसऱ्यात घड्याळाला घालतो तसले AA म्हणजे आपले पेन्सिल सेल, दोन घालायचे.

आधी लिथियमवालं. हिशोब सोपा आहे. समजा आत ८०० एमएएचचा सेल आहे, ३.७ व्होल्टचा, म्हणजे जवळजवळ ३ वॉट-तास. मशीन २ वॉट खात असेल तर दीड तास चालेल, त्यात थोडी गळती धरली तरी १० मिनिटांचे सात-आठ डोस आरामात. तुम्हाला नवीन मशीनवर तीनच डोस मिळत असतील तर आधी चिकटपट्टीचा आकडा बघा, ७ मिनिटांचं १५ झालंय का, झालं असेल तर जाळी धुवा.

लिथियमला दोन गोष्टींनी म्हातारपण लवकर येतं, उष्णता आणि टोकाला जाणं. सांगलीचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीय, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मशीन ठेवून बाजारात गेलात तर त्या एका दुपारीच सेलचं वय वाढतं. फ्रिजच्या वर, देवघरातल्या समईजवळ, गॅसच्या ओट्यावर ठेवू नका. आणि पार बंद पडेपर्यंत वापरायचं, मग रात्रभर लावून ठेवायचं, ही सवय मोडा. लाईट लाल झाली की लावा, भरलं की काढा. दोन तासांच्या आसपास भरतं. रोज वापर असेल तर मध्येमध्ये थोडं थोडं चार्ज केलेलं चालतं, जुन्या काळच्या सेलसारखं "पूर्ण उतरवूनच चार्ज कर" हा नियम लिथियमला लागू नाही.

चार्जर ५ व्होल्ट १ अँपिअरचा साधा वापरा, घरात जुन्या मोबाईलचा पडलेला असतो तो याच कामाला ठेवा. एक गोष्ट बऱ्याच जणांना चकवते, मशीनला लांबट गोल सी-टाइप भोक असतं, पण दोन्ही बाजूंनी सी-टाइप असलेल्या नव्या केबलनं ते चार्जच होत नाही. मशीन बिघडलेलं नसतं. स्वस्त मशीनमध्ये त्या केबलला लागणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात म्हणून चार्जर वीज सोडतच नाही. खोक्यात आलेली, एका बाजूला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल वापरा. ती केबल हरवू नका, पिशवीत बांधून ठेवा.

पॉवरबँकवर चार्ज होतं, पण भरत आलं की मशीन इतकं कमी ओढतं की काही पॉवरबँकना वाटतं काही लावलेलंच नाही आणि ते बंद होतात. अशावेळी बटण पुन्हा दाबायचं.

महिना-दोन महिने वापर नसेल तर निम्मं चार्ज करून ठेवा, पूर्ण भरून नाही आणि रिकामं तर मुळीच नाही. पण ज्यांना कधीही दम्याचा अटॅक येऊ शकतो त्यांच्या घरी हा नियम बाजूला ठेवा, तिथं मशीन भरलेलंच हवं, सेल थोडा लवकर म्हातारा झाला तरी चालेल. आमच्याकडं जून ते सप्टेंबर मशीन रोज रात्री भरलेलं असतं.

सेल फुगला, मशीनची शिवण उघडली, चार्ज करताना हाताला चटका बसायला लागला, की वापर थांबवा. टोचू नका, उन्हात ठेवू नका, घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात टाकू नका. मोबाईल दुरुस्तीवाले नाहीतर ई-कचरा घेणारे घेतात.

पेन्सिल सेलवाल्या मशीनचं थोडक्यात. घड्याळाचे स्वस्त सेल घालू नका, ते हळूहळू वीज द्यायला बनलेत, इथं दोन-चार डोसांत बसतात. अल्कलाइन घ्या, नाहीतर चार्ज होणारे निकेलवाले २००० एमएएचचे चार सेल घ्या, दोन मशीनमध्ये, दोन भरलेले डब्यात. जुना आणि नवा सेल जोडीनं घालायचा नाही. मशीन ठेवून द्यायचं असेल तर सेल बाहेर काढा, गळले की स्प्रिंगवर पांढरी बुरशी धरते. अल्कलाइनची ती पांढरी बुरशी व्हिनेगर लावलेल्या कापसानं निघते, नंतर कोरडं पुसा.

मी स्वतः आज घ्यायचं झालं तर आण्णांसाठी पेन्सिल सेलवालंच घेईन. पुरात चार्जिंग नसतं, पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सेल मिळतो.

थंडीचंही लक्षात असू द्या. आमचे सातारचे पाहुणे डिसेंबरात महाबळेश्वरला गेले, वेण्णा लेककडं पहाटे दवाचा बर्फ होतो त्या दिवसांत, आणि रात्रभर गाडीत राहिलेलं मशीन सकाळी दोन मिनिटांत बंद पडलं. थंडीत लिथियम मंदावतो. स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवून कोमट केलं आणि ते चाललं. गारठलेलं मशीन लगेच चार्जिंगलाही लावू नका, आधी खोलीच्या उबेला येऊ द्या.

कपात काय घालायचं नाही

यासाठी हात जोडतो. निलगिरीचं तेल, बाम, ओव्याचा अर्क, तुळशीचा काढा, कापूर, यातलं काहीही या मशीनमध्ये घालू नका. आमच्या शेजारच्या काकूंनी नातवासाठी ओव्याचं गाळलेलं पाणी घातलं, चांगल्या मनानं घातलं, पोराचा खोकला थांबेचना. पातेल्यातली ओव्याची वाफ नाकाशी घेणं वेगळं, आणि हे मशीन जे घालाल ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत नेतं. तिथं तेल गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. नुसतं साधं पाणीसुद्धा ओढायला देऊ नका, दम्याच्या माणसाच्या नळ्या त्यानं आणखी आवळू शकतात. जे डॉक्टरांनी लिहून दिलंय तेच, आणि पातळ करायचं असेल तर सलाईनच.

चालवताना

पेशंटला सरळ बसवा, मशीन थोडं पुढं झुकवा म्हणजे औषध जाळीला टेकून राहतं. शेवटचे थेंब राहिले की जरा जास्त तिरपं करा, नाहीतर औषध एका कोपऱ्यात आणि जाळी कोरडी, आणि बॅटरी फुकट चालू. फेस झाला तर कपाला हलकी टिचकी मारा. ब्युडेसोनाईड झाल्यावर गुळण्या करायला लावा आणि मास्क लावला असेल तर तोंड धुवा, लहान मुलांचं तर नक्कीच.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मशीन चालू ठेवून १०८ ला फोन करा. बॅटरी संपायची नाहीतर डोस पुरा व्हायची वाट बघू नका.

बिघाड शोधायचा झाला तर

धुकं विरळ, पण मशीन चालूच राहतं: जाळी. व्हिनेगरची सफाई करा, पुन्हा २ मिली सलाईन घालून वेळ मोजा. आकडा पट्टीच्या जवळ आला तर काम झालं. दोनदा सफाई करूनही दीडपटीच्या वरच राहिला तर नवा कप.

धुकं चांगलं दाट, वेळही पट्टीएवढाच, पण मशीन एक-दोन डोसांत बसतं: आता मात्र बॅटरी. सेलवाल्यात नवे सेल घालून बघा, चार्जिंगवाल्यात केबल आणि चार्जर बदलून एकदा पूर्ण भरून बघा, तरी तसंच असेल तर सर्व्हिसला.

चालूच होत नाही: कॉन्टॅक्ट पुसा, कप काढून पुन्हा खटकन आवाज येईपर्यंत बसवा, कपात औषध आहे ना बघा, काही मशीनं कोरड्या कपावर चालूच होत नाहीत.

आमच्या घरी दरवर्षी मे संपता संपता एक प्लॅस्टिकची बंद होणारी पिशवी भरली जाते. मशीन, सुटा कप, चपटी केबल, पॉवरबँक, सलाईनच्या आणि पाण्याच्या अँप्युल, २ मिलीची सिरिंज, इनहेलर, स्पेसर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. ती दाराच्या मागं वरच्या खुंटीला लटकवलेली असते. यंदा भरताना आण्णांनी स्वतः वेळ मोजली, चष्मा लावून घड्याळ बघत बसले होते. साडेसात मिनिटं आली. जुन्या पट्टीखाली त्यांनी नवीन तारीख लिहिली.